बिश्केकचा मनास आणि आपले शाहीर

किर्गिझस्तान म्हटलं की आपल्याकडे आठवतं ते वैद्यकीय शिक्षण. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं बिश्केकला शिकतायत. आम्ही दुबईकर मात्र जोडून आलेल्या सुट्टीत तिथे फिरायला जातो. विमानतळावर उतरताच पहिलं नाव भेटतं, ते मनास.

हा किर्गिझ लोकमहाकाव्याचा नायक. शहराच्या मध्यावर आला-तू चौकात तो घोड्यावर बसलेला दिसतो. या जागी २००३ पर्यंत लेनिन होता. मग स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून पंख असलेली स्त्रीमूर्ती आली आणि २०११ मध्ये, स्वातंत्र्याला २० वर्षं झाली तेव्हा, मनास आला. लेनिनला मोडीत काढलं नाही, इतिहास संग्रहालयाच्या मागे हलवलं.

मला जास्त भावलं ते फिलहार्मोनिक सभागृहासमोरचं १९८१ चं शिल्प. शिल्पकार तुर्गुनबाय सादिकोव. इथे मनाससोबत पत्नी कानिकेय आहे, जाणता सल्लागार बाकाय आहे आणि हे काव्य गाणाऱ्या ‘मनासचीं’चे पुतळेही आहेत. हे गायक वाद्याशिवाय गातात. सायाकबाय कारालायेव या मनासचीकडून उतरवून घेतलेलं काव्य ५ लाख ओळींच्या आसपास भरतं. म्हणजे महाभारताच्या दुपटीहून जास्त!

नायकाशेजारी गाणाऱ्यालाही जागा, हे मनात राहिलं. आपल्याकडे शिवरायांचे पुतळे गावोगावी आहेत, पण शाहिरांचे किती? इथे वाढणाऱ्या आमच्या मुलांना पुतळा फोटोत दिसतो, पोवाडा मात्र कुणीतरी ऐकवावा लागतो. तेव्हा आजी-आजोबांनो, पुढच्या व्हिडिओ कॉलवर एक पोवाडा होऊनच जाऊ दे!