पागोळीपासून चार हात लांब

वेल्ह्याकडे पाऊस लागला की जास्वंदीला खरा धोका छपराचा. पागोळ्यांखाली लावलेल्या रोपाची मुळं आषाढातच कुजतात आणि घरची माणसं पानांवर कीड शोधत बसतात. तोरण्याच्या पायथ्याला, वाडीतल्या शेजारच्या आत्यांनी मला जागा दाखवली ती भिंतीपासून चार हात लांब. "पानी घालायचं सोडा, आधी पानी काढून द्या," एवढंच म्हणाल्या आणि वरच्या अंगाला चर मारायला लावला.

बागकामाच्या पुस्तकात खड्डा खणायला सांगतात. इथे खड्डा म्हणजे डबकं. खाचराची चिकट माती भाताला हवीच, पण जास्वंदीची मुळं तिच्यात गुदमरतात. त्यामुळे तांबूस मुरमाड माती आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत यांचा उंचवटा करून त्यावर रोप लावायचं. तीस-चाळीस किलोमीटर पूर्वेला, भोर तालुक्यातल्या नसरापूर-कापूरहोळकडे पाऊस बराच कमी. तिथे हाच उंचवटा रोपाला सुकवून मारेल. तिकडे आळंच हवं.

गावठी लाल जास्वंद, पाच पाकळ्यांची, सहसा बी धरत नाही. ती पसरते ती माणसांच्या हातून, फांदीफांदीने. म्हणजे अख्ख्या वाडीच्या परसात दिसणारी जास्वंद एकाच झाडाचे तुकडे असू शकते! पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, धड कोवळीही नाही आणि धड जूनही नाही अशी फांदी घ्यायची. डोळ्याच्या खाली तिरका काप, शेंड्याची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढायची आणि निदान दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत खोचायची. महिनाभरात मुळं धरतात. नर्सरीतून येणारी ताटाएवढ्या रंगीत फुलांची कलमं मला दिसायला आवडतात, पण इथल्या झडीत ती टिकवायची हौस मी करत नाही.

या फांद्या मिळतात त्या छाटणीतून, आणि छाटणीची वेळ ठरते गणपतीवरून. जास्वंद नव्या फुटीवरच फुलते. वैशाखाच्या शेवटी वळवाचा एखादा पाऊस झाला की तिसरा हिस्सा झाड उतरवायचं. भाद्रपदापर्यंत नवी फूट कळीला येते. मृग लागल्यावर कोयता लावू नये, पावसात ओले काप कुजत खाली उतरतात. एवढं करूनही सततच्या पावसात कळ्या गळतात आणि ऐन मागणीच्या दिवसांत झाडाखाली लाल चिखल होतो. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या म्हणून संध्याकाळीच तोडून आणाव्यात. त्या घरात सकाळी आपोआप उमलतात. फूल एका दिवसाचं. तोडलं काय, झाडावर राहिलं काय, संध्याकाळी मिटणारच.

उन्हाळ्यात चित्र उलटं. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर एवढी धरणं वेल्हे-भोर भागात, तरी वरच्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात पाण्यासाठी खाली उतरावं लागतं. मग जास्वंद जगते मोरीच्या पाण्यावर. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं रोज पडू लागलं की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. साबणातल्या खारामुळे मातीतलं लोह झाडाला उचलता येत नाही. अशा वेळी खताचा डोस वाढवणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

याच दिवसांत शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो, तो पिठ्या ढेकूण. आधी बघायच्या मुंग्या, कारण त्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याची राखण करतात. आखडलेले शेंडे कापून जाळावेत. मात्र पांढरं दिसेल ते चिरडू नये. काही ढालकिड्यांच्या अळ्याही अशाच कापसाळ असतात, ढेकणांपेक्षा मोठ्या आणि चपळ, आणि त्या ढेकूणच खातात. औषध मारणारा बहुतेक वेळा आधी त्यांनाच मारतो.

छाटणीचा निरोगी पाला शेळ्यांपुढे टाकला की काही उरत नाही. त्यामुळेच नुसत्या जास्वंदीची वई इथे कुणी करत नाही. बाहेरच्या अंगाला करवंदीची काटेरी जाळी लागतेच, आणि तिच्यातूनही मान घालणारी एखादी शेळी प्रत्येक वाडीत असते.