नर्सिंग झालं, कागद कुठे अडले?

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला म्हणजे महाड-पोलादपूरकडच्या घरांत पेढे वाटले जातात. पण नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत मुलीला रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होता येत नाही. ही नोंदणी मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद १९६६च्या कायद्यानुसार करते. गुणपत्रक आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, बाकीचे दाखले कॉलेजचे. तीन दारं, आणि घोडं बहुतेकदा कॉलेजच्या खिडकीपाशीच अडतं. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली नाही, अमुक शुल्क बाकी आहे, साहेब रजेवर आहेत!

तोंडी विनवण्यांची नोंद राहत नाही. लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. पोलादपूरहून दर खेपेला एसटीचं भाडं घालण्यापेक्षा पोचपावतीसह स्पीड पोस्ट स्वस्त पडतं. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा. तरीही हालचाल नसेल, तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार. कॉलेज सरकारी असेल, तर माहिती अधिकारात अर्जाचं काय झालं ते विचारता येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं, म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र आधीच मागून ठेवावं.