द्राक्षमळ्यांतील लेणी : तुयोक गावाचा बौद्ध वारसा

मध्य आशियातील बौद्ध अवशेषांचा विषय निघाला की आपल्याकडे तुन-हुआंग, खोतान, कुचा ही नावे घेतली जातात. तुयोकचे नाव सहसा निघत नाही. चीनच्या शिनजियांग प्रदेशात, तुर्फान नगराच्या पूर्वेस, अग्निपर्वत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या डोंगररांगेच्या एका घळीत हे लहानसे गाव वसले आहे. घळीतून एक ओढा वाहतो. त्याच्या पाण्यावर द्राक्षमळे पोसले जातात आणि त्या मळ्यांवर गाव जगते. घरे मातीची, द्राक्षे सुकविण्याच्या कोठ्या कच्च्या विटांच्या, जाळीदार भिंतींच्या. त्या जाळीतून वाहणाऱ्या कोरड्या उष्ण वाऱ्यावर घड सावलीतच सुकतात व त्यांचा हिरवट बेदाणा होतो. वर्षाकाठी दोन सेंटिमीटरही पाऊस न पडणाऱ्या त्या मुलखात हे सहज साधते. गावकरी उइगुर मुसलमान आहेत. घळीच्या दोन्ही कड्यांवरील लेणी मात्र बौद्ध आहेत.

या भूमीत द्राक्षवेल बौद्ध धम्माच्याही आधी आली. तुयोकच्याच परिसरातील यांगहाई येथील प्राचीन दफनभूमीत एका थडग्यातून द्राक्षवेलीच्या खोडाचा तुकडा मिळाला. तो सुमारे २३०० वर्षांपूर्वीचा असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे सम्राट अशोकाच्या काळाच्या आसपास येथे कोणीतरी आपल्या मृत आप्ताच्या उशापायथ्याशी वेल ठेवीत होते. धम्म आला तो व्यापारी मार्गाने. तुयोकमधून मिळालेल्या एका चिनी बौद्ध सूत्राच्या हस्तलिखितावर इ. स. २९६ हे वर्ष नोंदलेले आहे, आणि कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या बौद्ध हस्तलिखितांत त्याची गणना होते. पाचव्या शतकात, इ. स. ४३९ मध्ये उत्तर लिआंगचे राज्य बुडाल्यावर त्या राजघराण्यातील बांधव पश्चिमेकडे आले व त्यांनी जवळच्या काओचांग नगरात आपली सत्ता स्थापिली. तुयोकची आरंभीची लेणी साधारणतः याच काळातील मानली जातात.

काओचांगचे नाव वाचकांना ह्युएन त्संगाच्या चरित्रातून परिचित असेल. तेथील राजा चू वेन-ताई याने या भिक्खूस आपल्याजवळच ठेवून घेण्याचा हट्ट धरला, तेव्हा ह्युएन त्संगाने अन्नत्याग केला. राजा नमला आणि त्याने वाटेतील चोवीस राजांना पत्रे देऊन त्यास निरोप दिला. परतताना तीन वर्षे राहण्याचे वचन मात्र फळास आले नाही. इ. स. ६४० मध्ये तांग सैन्याने काओचांग जिंकले. आपला भिक्खू तेव्हा भारतातच होता. त्याच सुमारास तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. या विजयाबरोबर काओचांगची द्राक्षे आणि मद्य गाळण्याची रीत तांग दरबारात पोहोचली, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. तुर्फानजवळच्या अस्ताना येथील थडग्यांतून निघालेल्या कागदपत्रांत द्राक्षमळ्यांचे क्षेत्र व त्यांवर मद्याच्या रूपाने बसविलेला कर यांच्या नोंदी आहेत. विहारांच्या व भिक्खूंच्या नावे असलेले मळेही त्यांत येतात. पंचशीलातील सुरामेरय-विरतीचे काय झाले?

विनयात याचे उत्तर काटेकोर आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात, केणिय जटिलाने पेये आणल्याच्या प्रसंगी, तथागतांनी आठ पानांस अनुमती दिली. त्यांत मुद्दिकपान, म्हणजे द्राक्षरस, आहे. उलट पाचित्तियांत सागत थेराची कथा येते. कोसंबीच्या उपासकांनी घरोघरी पाजलेल्या मद्याने तो नगरद्वारी पडला, आणि सुरामेरयपानाचा नियम घातला गेला. मेरय म्हणजे काय याचा खुलासा करताना विनयात फलासवाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा द्राक्षाचा ताजा रस ग्राह्य व तोच आंबवला की वर्ज्य. मधला मार्ग येथे नाही. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

तरीही संघाच्या नावे जमीन असणे ही काही तुर्फानची विकृती नव्हे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्खूंना २०० निवर्तने शेत दिल्याचा लेख आहे. आता त्याच नाशिकच्या आसमंतात द्राक्षांचे आणि मद्याचे पीक फोफावले आहे, हा इतिहासाचा चमत्कारिक योग. कराची नोंद म्हणजे प्राशनाचा पुरावा नव्हे. परंतु ज्या राज्यात कर मद्यात मोजला जाई, तेथे मळा धारण करणाऱ्या विहाराचे हात त्या व्यवहारापासून सर्वस्वी अलिप्त राहिले असतील, असे आम्हांस वाटत नाही. धम्माच्या इतिहासाकडे श्रद्धेने पाहणाऱ्याने हे टाळून पुढे जाऊ नये.

त्याच घळीत, मळ्यांच्या डोक्यावर, वेगळीच साधना चालू होती. तुयोकच्या २० व ४२ क्रमांकांच्या लेण्यांतील भित्तिचित्रांत ध्यानस्थ भिक्खू आहेत. कोणी कमळांच्या पुष्करिणीचे ध्यान करीत आहे, तर कोणी प्रेताकडे वा उघड्या हाडांच्या सांगाड्याकडे एकटक पाहत बसला आहे. ही असुभभावना होय. सतिपट्ठानसुत्तातील सीवथिकेची स्मृती ज्यांना आहे, त्यांना हे चित्र पाहताच ओळखता येईल. अशी चित्रे शोभेसाठी काढीत नाहीत. येथे बसणाऱ्या भिक्खूंना ती उपयोगी पडत असावीत, आणि खालच्या हिरव्यागार वेली पाहत असताना तर अधिकच.

पुढे उइगुर राजवटीतही धम्म टिकून होता. चौदाव्या-पंधराव्या शतकांत तुर्फान इस्लाममय झाले. तुयोकमध्ये ‘गुहेतील निद्रिस्तां’ची दर्गा झाली आणि यात्रा भरू लागली. कुराणाच्या अठराव्या सूऱ्यात या निद्रिस्तांची कथा आहे. गुहेची पूज्यता धर्म बदलूनही उरली, असे म्हणावयास जागा आहे.

विसाव्या शतकाने मात्र या लेण्यांचे मोठे नुकसान केले. १९०५ साली आल्बर्ट फॉन ल कॉक या जर्मन संशोधकाने येथील एका खोलीतून पोती भरून हस्तलिखिते नेली. कड्याला चिकटलेला ज्या विहाराचा अवशेष त्याने पाहिला होता, तो १९१६ च्या भूकंपात दरीत कोसळला. ऑरेल स्टाइननेही येथील भित्तिचित्रांचे तुकडे कापून नेले. त्याने मध्य आशियातून आणलेल्या भित्तिचित्रांचा मोठा संग्रह आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. त्यात तुयोकचेही तुकडे आहेत.