रेड म्हणजे बॅकअप नव्हे

जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, म्हणून सर्व्हर रूमच्या एसीची काळजी सगळेच घेतात. ती घ्यायलाच हवी. पण त्याहून मोठा धोका न तपासलेल्या बॅकअपचा. तापमानाचे म्हणाल तर, गूगलने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कच्या अभ्यासात डिस्क बिघडण्याचा तापमानाशी संबंध अपेक्षेपेक्षा कमी निघाला; तो ठळक दिसला जास्त गरम आणि जुन्या डिस्कमध्ये. ‘रेड असताना बॅकअप कशाला?’ हा आक्षेप नेहमीचा. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची मांडणी; एखादी डिस्क गेली तरी तिच्यामुळे काम सहसा थांबत नाही, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून पुसली जाते, आणि रॅन्समवेअरचेही तसेच. आणि बॅकअप न तपासल्यास काय होते, तेही पाहा: गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. 31 जानेवारी 2017 रोजी गरज पडली तेव्हा नेमाने चालणारी एकही उपयोगी पडली नाही. योगायोगाने हाताने घेतलेली प्रत होती, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

खर्चाची अडचण खरी आहे, विशेषतः लहान पतसंस्थांची. तरीही महागडी यंत्रणा घेण्याआधी जळगावच्या डेटाची एक प्रत धुळ्याच्या शाखेत, नेटवर्कपासून तोडून ठेवा. सर्व्हरचे सुटे भाग किती तासांत मिळतील, हे पुरवठादाराशी केलेल्या करारात लिहून घ्या. आणि दर तिमाहीला धुळ्याची ती प्रत दुसऱ्या यंत्रावर पूर्ण उतरवून, उघडून पाहा.