चेटकिणींच्या शाळेतली ‘ढ’ मुलगी

प्रगतिपुस्तक हातात पडलं, की आपला पहिला प्रश्न काय असतो? ‘कितवा नंबर?’ आणि नंबर घसरला असेल, तर शेजारच्या मुलीचं उदाहरण तयारच! अशा आयांनी मिल्ड्रेडची ओळख करून घ्यायलाच हवी.

मिल्ड्रेड हबल ही ‘द वर्स्ट विच’ या ब्रिटनमधल्या मुलांच्या विनोदी मालिकेची नायिका. नावाचा अर्थच ‘सगळ्यात वाईट चेटकीण’! मिस कॅकल यांच्या शाळेत मुली मंत्र म्हणायला, जादूचे काढे करायला, झाडूवर बसून उडायला शिकतात. मिल्ड्रेडची मात्र वेणी विस्कटलेली, बुटाची नाडी सुटलेली. सगळ्यांना काळी मांजरं मिळतात. ती कमी पडली म्हणून हिच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचं मांजर. कडक शिस्तीच्या मिस हार्डब्रूम हिलाच रागावणार आणि हुशार एथेल टोमणे मारणार, हे ठरलेलं.

पहिल्या पुस्तकात एथेल मुद्दाम हिच्या झाडूवर मंत्र टाकते. समारंभाचा विचका होतो आणि दोष येतो मिल्ड्रेडवर. बिचारी घाबरून पळून जाते. पण जंगलात तिला शाळा बळकवायला निघालेली टोळी दिसते. मग काय, ती सगळ्यांना गोगलगायी करून खोक्यात भरते आणि शाळेत घेऊन येते! पहिल्या नंबरवाल्यांना जे जमलं नाही, ते या ‘ढ’ मुलीनं केलं.

मूळ लेखिका जिल मर्फी यांनी ही गोष्ट शाळेत असतानाच लिहायला घेतली. गडद रंगाच्या गणवेशात मैत्रिणींबरोबर घरी आल्या, तेव्हा आई सहज म्हणाली, की तुम्ही अगदी चेटकिणीच दिसताय! तिथूनच हे बीज पडलं. मुलं घाबरतील म्हणून प्रकाशकांनी आधी पुस्तक नाकारलं. ते 1974 मध्ये निघालं आणि हातोहात खपलं. त्यातली चित्रंही जिल यांचीच. 1986 मध्ये त्यावर चित्रपट आला, 1998 मध्ये मालिका सुरू झाली, तर 2017 मध्ये नव्यानं आलेल्या मालिकेत बेला रॅम्झीनं मिल्ड्रेड साकारली. जिल 2021 मध्ये गेल्या. मिल्ड्रेड मात्र मुलांमध्ये आहेच.

मैत्रिणींनो, मुलांना ही मालिका आवडते ती नुसत्या जादूसाठी नाही. चुका करूनही आपण चांगले असू शकतो, हा दिलासा त्यांना तिथे मिळतो. तो घरी का मिळू नये?

आईचं एक गमतीचं वाक्य लेकीनं पुस्तकापर्यंत नेलं. आपण रागाच्या भरात ‘तू ढच आहेस’ म्हणतो, तेव्हा तेही वाक्य पोर मनात जपून ठेवतेच की! पुढच्या वेळी प्रगतिपुस्तक आलं, तर आधी एवढंच विचारून बघा, ‘यंदा शाळेत मजा कशात आली गं?’