खोक्यातला सूर

इंदूर म्हटले की होळकरांचा राजवाडा आणि सराफ्यातील खाद्यपदार्थ आठवावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या नगरीभोवतीच्या माळव्याची एक श्रीमंती साध्या वाद्यात दडलेली आहे. कबीराची भजने गाणाऱ्यांचा पाच तारांचा लाकडी तंबुरा, ते हे वाद्य. एका हातात तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, आणि गाणाराही तोच! लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया व्यवसायाने शिक्षक. हाच तंबुरा घेऊन त्यांनी कबीर परदेशांतील व्यासपीठांवरही नेला आणि २०११ साली ते पद्मश्रीचे मानकरी झाले. शेजारच्या देवासला १९४८ पासून राहिलेल्या कुमार गंधर्वांनीही माळव्याच्या लोकधुना मनापासून ऐकल्या व आपल्या गायकीत मुरवल्या. 'गावठी' म्हणून ज्याकडे पाहून नाक मुरडले जाते, त्यात असा कस असतो.

गरिबाच्या वाद्याची ही कथा एकट्या माळव्याची नव्हे. एडविन फोर्ब्ज या चित्रकाराच्या १८७६ मधील एका चित्रात अमेरिकी यादवी युद्धाच्या छावणीतील सैनिक सिगारच्या पेटीपासून केलेले सारंगीवजा वाद्य वाजवताना दिसतो. विकत घेण्यास पैसा नव्हता, गाण्याची ओढ मात्र होती. रिकामी पेटी, काठी आणि तारा यांतून वाद्य उभे राहिले. आज हौशी मंडळी तशीच गिटार पुन्हा घरी घडवीत आहेत. आपल्याकडे सिगारची पेटी दुर्मीळ खरी; पण शेवेचा पत्र्याचा डबा किंवा लाकडी खोके कोणत्या घरात नाही?

काम दिसते तितके सोपे मात्र नाही. खोक्यातून आरपार जाणारी सरळ लाकडी पट्टी, झाकणावर घोडी आणि तीन तारा, एवढाच पसारा. तारा बहुधा सा-प-सा अशा लावतात. तानपुऱ्याच्या श्रोत्याला ते परके वाटू नये. पडदे बसविताना खरी कसोटी लागते. तारेची लांबी ६३५ मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागून पहिला पडदा सुमारे ३५.६ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असे करीत बारावा पडदा बरोबर मध्यावर यावा. मिलिमीटरभर चूकही कानाला खुपते.

घरच्या ओसरीवर गोड वाटणारे हे वाद्य सभागृहात मुके पडते. म्हणून झाकणाच्या आतून कंपने टिपणारी छोटी चकती चिकटवितात व तिची तार ध्वनिवर्धकाला जोडतात. मग पोकळ खोके ध्वनिवर्धकाचाच आवाज पकडून शीळ घालू लागते! आत फडके कोंबून तिला आवर घालावा लागतो. व्यासपीठ कुणाच्याही हौसेची गय करीत नाही. पण ही परीक्षा उतरलेला वादक आपल्या वाद्याचे प्रत्येक हाड ओळखतो.

आम्हां किनारपट्टीवासीयांस हे नवे नाही. कुंभाराच्या मडक्याला चामडे ताणून घडविलेले घुमट वाजल्याशिवाय आमची चतुर्थीची आरती पुरी होत नाही. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाल्यानंतर तिच्या चामड्याचा मार्ग बंद झाला. बकऱ्याचे चामडे आले, नाद बदलला अशी कुरकुरही झाली. परंतु हाताने घडविणाऱ्यांनी नाद पुन्हा शोधला. कारखान्यातून आलेले वाद्य असे बदलत्या काळाशी जुळवून कोण घेणार?

म्हणून आमची एक सूचना आहे. घुमट-आरतीच्या स्पर्धांत वादकांबरोबरच वाद्य घडविणाऱ्या हातांनाही पारितोषिक असावे, आणि शाळांनी वर्षातून एकदा तरी मुलांना खोके, पट्टी व तार देऊन स्वर शोधण्यास बसवावे. वाद्य विकत मिळते. कान मात्र घडवावा लागतो.