दफ्तर एक, हात अनेक



संगणकासारख्या विषयावर मजूर संघटनेच्या कार्यकर्त्याने का बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सभा-मोर्चांत अधिक झाले. पण हा विषय मला एका चुकीने शिकविला, आणि ती चूक आमचीच होती.

आमच्या कचेरीत सभासदांची एकच वही असे. वर्गणी गोळा करणारा तीत लिही, आणि थकलेल्या मजुरीचे अर्ज करणाराही तीच वही पाही. मोखाड्याकडची एक बाई वीटभट्टीच्या कामाला भिवंडीकडे गेली. तीन महिने वर्गणी आली नाही म्हणून एकाने तिच्या नावावर रेघ मारली. त्याच्या मनात अर्थ होता 'वर्गणी बाकी'. दुसऱ्याने अर्थ घेतला 'नाव कमी', आणि तिचा अर्ज बाजूस ठेवला. मुदत टळली, मजुरी बुडाली. दोघेही कार्यकर्ते प्रामाणिकच होते.

संगणकावर हेच मोठ्या प्रमाणावर घडू शकते. वेब-अ‍ॅप्लिकेशन पडद्यावर एकच कचेरी दिसते, पण आत तिचे अनेक विभाग असतात. त्यांना मॉड्यूल म्हणतात. सर्वांची माहिती ज्या दफ्तरात राहते तो डेटाबेस. आता प्रश्न असा की, प्रत्येक विभागाला दफ्तराची किल्ली द्यावी काय? आरंभी ते सोयीचे वाटते. पुढे एकाने एका रकान्याचा अर्थ बदलला की बाकीचे मुकाट्याने बिघडतात, आणि कोणाच्या हातून बिघडले हे सापडत नाही.

ह्यावरचा तोडगा आपल्या घरोघरच्या सातबाऱ्यात आहे. कागद एक, पण आत नोंदवह्या दोन. गाव नमुना ७ हा हक्काचा, नमुना १२ हा पिकांचा. २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत स्वतःचे पीक मोबाइलवरून नोंदवू लागला. परंतु त्या वाटेने मालकाचे नाव बदलता येत नाही. जमिनीचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला गेला, तरी तोही सातबाऱ्यावर लिहीत नाही. त्याची फक्त वर्दी महसुलाकडे जाते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते नमुना ६ मध्ये फेरफार धरतात, संबंधितांना नोटीस देतात, हरकत आल्यास ती वादग्रस्त नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो.

चांगली रचना ती हीच. प्रत्येक नोंदवहीचा मालक एक विभाग. इतरांनी आत हात न घालता त्याच्या खिडकीवर मागावे. रकाने पुढे बदलले तरी खिडकीवरचा व्यवहार तसाच राहतो. एक नाव कमी करून दुसरे लावायचे, तर दोन्ही व्हावे किंवा एकही होऊ नये. आणि प्रत्येक नोंदीशेजारी कोणी, केव्हा केली हे राहावे.

जव्हार-मोखाड्यात ह्याचे मोल विशेष आहे. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असे जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ सांगते. दरवाजा एक असेल तर पहारेकरी एक पुरतो. दरवाजे दहा केले तर पहारेकरीही दहा लागतात, आणि त्यांतला एक कधीतरी झोपणारच. घर फुटते ते त्याच दारातून.

मात्र एक खिडकी म्हणजे बंद खिडकी नव्हे. खिडकीवरचा मालक उत्तर देईनासा झाला, तर सारी कचेरी अडते, आणि डोंगर उतरून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो. म्हणून नोंद करण्याचा अधिकार एकाला द्यावा, पण उतारा सर्वांना मिळावा आणि हरकतीला जागा असावी.

त्या बाईची मजुरी आम्ही परत मिळवू शकलो नाही. आमच्या वहीत आता वर्गणीची पाने वेगळी आहेत, आणि सभासदाचे नाव कमी करण्याचा अधिकार एकालाच आहे. तोही त्या माणसाला विचारल्यावाचून रेघ मारीत नाही.